धूलिनिष्कासन, लाकूडकामातील

करवत, रंधा, गिरमिट, घासपट्टी इ. हत्यारांनी किंवा यंत्रांनी लाकूड कापताना व घासताना उत्पन्न होणारा भुसा आणि धूळ ती जेथे उत्पन्न होते तेथेच हवेच्या झोताने ओढून घेणे, नलिकेतून वाहून नेणे आणि हवेपासून वेगळी करून साठविणे, या क्रियांच्या समुच्चयाला धूलिनिष्कासन म्हणतात. मोठ्या कारखान्यांत ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहे. घरगुती कार्यशाळेत, म्हणजे घराच्या ओट्यावर, पडवीत किंवा परसातील पत्र्याच्या छपरीत एक-दोन माणसे जेथे काम करतात अशा ठिकाणी, ती फार उशिरा आली व अजूनही सर्वत्र पोहोचलेली नाही. तिचा इतिहास यंत्रांचा आहे, तसाच कायद्याच्या व्याख्येत न बसलेल्या कारागिरांचाही आहे.

हस्तकामाचा काळ : जळगाव जिल्ह्याच्या (पूर्वीचा पूर्व खानदेश) रावेर तालुक्यातील सावदा हे गाव आज केळीच्या व्यापारासाठी ओळखले जाते. रेल्वेने केळी बाहेर जाऊ लागण्यापूर्वी कापूस, गहू, हरभरा व जवस हा येथील मुख्य व्यापार होता आणि आठवड्याच्या बाजारात निमाड व वऱ्हाडातील जनावरे विक्रीस येत. बैल, गाडी व औते यांवर उभ्या असलेल्या अशा परिसरात सुताराला बलुतेदारांमध्ये वरचे स्थान होते. नांगर, वखर, पाभर व गाडीची चाके घडविणे आणि दुरुस्त करणे हे त्याचे वर्षभराचे काम असे. त्याखेरीज धाब्याच्या घरांचे खांब, तुळया व दारे-चौकटी तो करी. उत्तरेकडील सातपुड्यातून साग, शिसव, धावडा व अंजन ही लाकडे मिळत, तर शेताच्या बांधावरची बाभूळ चाकांच्या कामी येई. अंजनाचे लाकूड भारतातील सर्वांत जड व कठीण लाकडांपैकी एक असून त्यावर हत्याराची धार फार काळ टिकत नाही.

वाकस, पटाशी व रंधा यांनी लाकडाच्या ढलप्या निघतात. त्या जड असल्याने जागीच पडतात. हातकरवतीचा भुसाही बहुतेक जाडसर असतो. लाकडाचे ओंडके चिरणाऱ्या आराकसांच्या जोडीत खालच्या माणसाच्या डोळ्यांत व केसांत भुसा जाई, पण काम उघड्यावर चाले. खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. त्यामुळे सुताराचे काम झाडाच्या सावलीत किंवा तिन्ही बाजूंनी मोकळ्या छपरीत करण्याचा प्रघात होता, आणि वारा हीच धूलिनिष्कासनाची व्यवस्था होती. भुसाही वाया जात नसे. डब्यासारख्या शेगडीत मध्ये लाकडी दांडा उभा करून भोवती भुसा ठासायचा व दांडा काढून त्या पोकळीत जाळ करायचा, अशी भुशाची शेगडी महाराष्ट्रातील अनेक घरांत स्वयंपाकासाठी व पाणी तापविण्यासाठी वापरात होती.

कापसाच्या कारखान्यांतील धूळ : खानदेशात यंत्रयुग प्रथम लाकडाकडे आले नाही, ते कापसाकडे आले. १८६० नंतर लोहमार्ग भुसावळवरून पुढे खांडव्याकडे व नागपूरकडे गेला आणि सरकी वेगळी करणारे वाफेवरचे रेचे व गठ्ठे बांधणारे दाबयंत्रांचे कारखाने तापी खोऱ्यात उभे राहिले. या कारखान्यांतील हवा तंतूंनी व मातीच्या धुळीने भरलेली असे. १८८१ च्या पहिल्या भारतीय कारखाना कायद्याने मात्र त्यांना स्पर्श केला नाही, कारण शंभर किंवा अधिक कामगार असलेला व वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणारा कारखाना तेवढाच त्या कायद्यात बसे. कापसाचा हंगाम संपला की रेचे थंड होत. १८८४ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे झालेल्या साक्षींत खानदेशातील या हंगामी कारखान्यांतील कामाचे तास, विशेषतः स्त्रियांचे, इतके प्रदीर्घ असल्याचे उघड झाले की, भारतीय कामगारांच्या इतिहासकारांनी ते वारंवार उद्धृत केले आहेत. १८९१ च्या कायद्याने कामगारांची किमान संख्या पन्नासवर आणली. १९११ च्या कायद्याने चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखानेही कक्षेत घेतले. १९२२ मध्ये ही संख्या वीस झाली. संख्येची अट पायरीपायरीने खाली येत गेली, परंतु शेवटच्या पायरीखाली कोणीतरी राहतच गेले, आणि सुतार बहुधा त्यांत असे.

जगातील पूर्वपीठिका : धुळीने रोग होतो हे ज्ञान जुने आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्झीनी (१६३३–१७१४) यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात पीठ दळणारे, धान्य चाळणारे व दगड फोडणारे यांच्या छातीच्या विकारांचे वर्णन केले आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे चाकू-सुऱ्यांना सहाणेवर धार लावणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत दगडाची व पोलादाची धूळ साचून ते तरुणपणीच मरत. तेथे १८२० नंतर धूळ ओढणारे पंखे सुचविण्यात आले, पण काही कामगारांनीच त्यांना विरोध केला. माणसे जास्त जगली तर धंद्यात गर्दी होईल व मजुरी पडेल, अशी भीती त्यामागे होती. मजुरीचा प्रश्न सोडवल्याशिवाय आरोग्याचे उपकरण लोकांच्या गळी उतरत नाही, याचे हे सुरुवातीचे व काहीसे भीषण उदाहरण होय. अखेर ब्रिटनच्या १८६७ च्या कायद्याने अशा ठिकाणी पंखा बसविण्यास भाग पाडण्याचा अधिकार निरीक्षकांना मिळाला.

लाकूडकामात यंत्रे आणण्याचे श्रेय मुख्यतः इंग्लंडमधील सॅम्युएल बेंथॅम (१७५७–१८३१) यांना दिले जाते. १७९१ व १७९३ मधील त्यांच्या एकस्वांत रंधण्याच्या व इतर अनेक यंत्रांच्या कल्पना आहेत. पट्टा करवतीचे एकस्व विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये घेतले. वर्तुळाकार करवत याच्याही आधी, १७७७ मध्ये, इंग्लंडमध्ये नोंदली गेली होती. या यंत्रांनी भुशाचे प्रमाण तर वाढविलेच, पण त्याचे स्वरूपही बदलले. हातकरवतीचा वेग दर सेकंदास सु. एक मीटर असतो. २५० मिमी. व्यासाचे चक्र मिनिटास २,९०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या दातांचा वेग दर सेकंदास सु. ३८ मीटर होतो. त्यामुळे तंतू तुटून बारीक चूर्ण होते व ते चक्राबरोबरच्या हवेने दूर फेकले जाते.

अमेरिकेत बेंजामिन स्टर्टेव्हंट (१८३३–९०) या मूळच्या चांभारकाम करणाऱ्या संशोधकाने १८६० नंतरच्या दशकात पादत्राणांच्या कारखान्यातील धूळ ओढण्यासाठी फिरता पंखा तयार केला, आणि त्याच्या बॉस्टन येथील कारखान्यातील पंखे पुढे सर्व प्रकारच्या उद्योगांत गेले. लाकूड रंधण्याच्या गिरण्यांनी ते घेतले, ते कामगारांच्या छातीसाठी नव्हे. रंध्याखालचा ढीग दर तासाला हलवावा लागे आणि बाष्पित्राला इंधन हवे असे. पंख्याने ढलप्या ओढून थेट भट्टीपाशी नेल्या की दोन्ही कामे होत. भुसा वाहून नेण्याचे तंत्र आरोग्याच्या प्रश्नापूर्वी शंभर वर्षे लाकूडकामात आले व तो प्रश्न विचारला जाईपर्यंत त्याच हेतूने चालू राहिले, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण भुसा उचलण्याइतकी ओढ आणि बारीक धूळ पकडण्याइतकी ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवेपासून धूळ वेगळी करण्याच्या उपकरणाला चालना मिळाली ती पिठाच्या गिरण्यांतून. हवेत तरंगणारे पीठ स्फोटक असते, हे इटलीतील तुरिन येथे १७८५ मध्ये एका बेकरीत झालेल्या स्फोटाच्या वर्णनापासून ठाऊक होते. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथील वॉशबर्न गिरणीत झालेल्या स्फोटात अठरा कामगार मरण पावल्यावर मात्र धूलिसंकलनाकडे गंभीरपणे पाहण्यात येऊ लागले. १८८५ मध्ये मिशिगन राज्यातील जॅक्सन येथील निकरबॉकर कंपनीच्या वतीने जॉन एम. फिंच यांनी ज्या संकलकाचे एकस्व घेतले, तो आजच्या चक्रवाती विभाजकाचा पूर्वज मानला जातो. यात धूळयुक्त हवा शंक्वाकार भांड्यात स्पर्शरेषेच्या दिशेने शिरते व गोल फिरू लागते. केंद्रोत्सारी प्रेरणेने जड कण भिंतीकडे जाऊन घसरत खालच्या पेटीत पडतात आणि हलकी झालेली हवा मध्यभागातील नळीतून वर निघून जाते. यात हलणारा भाग एकही नाही.

खानदेशातील वाचकाला हे उपकरण अपरिचित नाही. जळगावच्या डाळगिरण्यांच्या व रेच्यांच्या कारखान्यांच्या छपरांवर पत्र्याचे जे निमुळते शंकू दिसतात, ते चक्रवाती विभाजकच होत. रावेर-यावल भागातील केळीच्या मळ्यात ठिबक संचाच्या मुखाशी, कूपनलिकेच्या पाण्यातील वाळू वेगळी करणारी जी शंक्वाकार गाळणी बसवितात, तिचे तत्त्वही हेच असून तेथे हवेऐवजी पाणी असते. पाण्यासाठी या तत्त्वाचे एकस्व १८९१ मध्ये घेतले गेले. गाळणीचा दुसरा प्रकार, म्हणजे कापडी पिशवी, गावोगावच्या पिठाच्या गिरणीत आहेच. पीठ पडणाऱ्या तोंडाला बांधलेल्या फुगलेल्या कापडी बाहीतून हवा बाहेर जाते व पीठ डब्यात राहते.

लाकडाची धूळ आणि रोग : लाकूड ही निरुपद्रवी, नैसर्गिक वस्तू असल्याने तिच्या धुळीने शिंकांपलीकडे काही होत नाही, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या व इतर घरसामान करण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील नाक-कान-घसा शल्यचिकित्सक एझ्मे हॅडफील्ड यांना १९६० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात, एरवी अतिशय दुर्मिळ असलेला नाकाच्या पोकळ्यांतील ग्रंथिकर्क हा कर्करोग आपल्या रुग्णांत वारंवार दिसू लागला, आणि हे रुग्ण बहुतेक घरसामानाच्या कारखान्यांतील लाकूडकामगार होते. ऑक्सफर्ड येथील रॉनल्ड मॅक्बेथ यांनी १९६५ मध्ये या संबंधाकडे लक्ष वेधले. १९६८ मध्ये ई. डी. ॲचेसन, हॅडफील्ड व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तो सिद्ध केला. या कामगारांत हा रोग होण्याचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येच्या शेकडो पटींनी अधिक आढळले. कामाला सुरुवात केल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत सरासरीने चाळीस वर्षांच्या आसपास काळ जातो. तोवर माणसाने धंदा सोडलेला असतो व दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडत नाही. १९६९ मध्ये ब्रिटनने हा विकार भरपाईस पात्र व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये काष्ठधूलीची मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या गटात नोंद केली. पुरावा मुख्यतः बीच व ओक यांसारख्या रुंदपर्णी वृक्षांच्या कठीण लाकडाविषयी आहे.

कर्करोग हा धोक्याचा सर्वांत भयानक पण सर्वांत विरळा भाग आहे. दमा, सततची सर्दी, श्वासनलिकादाह व त्वचेचे विकार हे अधिक आढळतात. सागाच्या लाकडातील क्विनोन गटातील संयुगांनी काही जणांची त्वचा लाल होऊन खाजते. शिसवातील डालबर्जिओन या संयुगांनी अधिहर्षताजन्य त्वचादाह होतो, आणि एकदा अधिहर्षता उत्पन्न झाली की अगदी थोड्या धुळीनेही त्रास होतो. सागात सिलिकेचे प्रमाण बरेच असल्याने हत्याराची धार लवकर जाते, आणि बोथट करवत कापण्यापेक्षा घासते जास्त. खेरीज आता घरगुती कामातील बराच वाटा प्लायवुड व दाबलेल्या तंतूंच्या फळ्या यांचा आहे. या फळ्या फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझिनांनी चिकटवलेल्या असतात व कापल्या असता त्यांतून ढलप्या न निघता पिठासारखी धूळ निघते.

कोणती धूळ घातक, हे तिच्या आकारमानावर अवलंबून असते. दिसणारा भुसा खाली पडतो व झाडता येतो. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सु. ३ मिमी. या गतीने खाली येतो, म्हणजे नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला आठ ते नऊ मिनिटे लागतात. ५ मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, आणि चालू यंत्राजवळची हवा कधीच स्थिर नसते. संध्याकाळी झाडू मारताना दिवसभराची बसलेली धूळ पुन्हा उडते. कार्यशाळा घरातच असेल, तर ती हवा घरातील मुलांच्याही श्वासात जाते. नाकाला बांधलेला रुमाल डोळ्यांना दिसणारी धूळ अडवितो, पण या बारीक कणांपुढे त्याचा फारसा उपयोग नाही.

कायदा व घरगुती कार्यशाळा : भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातील चौदाव्या कलमाने धूळ व धूर यांविषयी स्पष्ट कर्तव्य घातले. धूळ श्वासावाटे जाऊ नये व खोलीत साचू नये म्हणून परिणामकारक उपाय योजावेत आणि निष्कासक उपकरण लागत असेल, तर ते धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे व तो उगम शक्य तितका बंदिस्त करावा, असे त्यात म्हटले. तांत्रिक दृष्ट्या हे कलम निर्दोष आहे. धूलिनिष्कासनाचे सगळे शास्त्र त्याच्या दोन वाक्यांत आले आहे. परंतु कारखाना म्हणजे विजेवर चालणारे व दहा किंवा अधिक कामगार असलेले अथवा विजेविना चालणारे व वीस किंवा अधिक कामगार असलेले ठिकाण. पंच्याऐंशीव्या कलमाने राज्य शासनाला याहून लहान ठिकाणीही कायदा लागू करण्याचा अधिकार दिला, पण मालक केवळ आपल्या कुटुंबीयांच्या साहाय्याने काम करीत असेल, ते ठिकाण त्यातून वगळले. बाप व दोन मुलगे मिळून चालविणारी सावद्याची किंवा फैजपूरची सुतारशाळा त्यामुळे नावानिशी नसली, तरी वर्णनानिशी कायद्याबाहेर राहिली. या अपवादामागे छोट्या कारागिराला निरीक्षकाचा जाच नको, असा विचार होता व तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र जाचाबरोबर ज्ञानही थांबले. २०२० च्या व्यवसाय सुरक्षितता, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने तर कारखान्यासाठी लागणारी संख्या वीस व चाळीस अशी दुप्पट केली. याच सुमारास इतर देश उलट दिशेने गेले. यूरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा दर घन मीटर हवेस ५ मिग्रॅ. होती, ती ३ वर व २०२३ पासून २ मिग्रॅ. वर आणली. अमेरिकेत १९८९ मध्ये संघराज्याने घातलेली मर्यादा १९९२ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने रद्द झाली.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर ग्रामीण विद्युतीकरणाला गती आली आणि करवत व रंधा एकाच बैठकीवर असलेले यंत्र लहान गावांतील सुतारांकडेही येऊ लागले. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणानंतर हातात धरून चालविण्याची घासयंत्रे, करवती व रंधे स्वस्त झाले. बैलगाडी व लाकडी औते मागे पडून काम दारे, पलंग व कपाटे यांकडे वळले, आणि ते उघड्या छपरीतून शटर असलेल्या गाळ्यात गेले. वारा बंद झाला आणि धूळ बारीक झाली, या दोन गोष्टी एकाच पिढीत घडल्या.

घरगुती व्यवस्थेची घडण : धूळ फुंकून लांब घालविता येते, पण लांबून ओढता येत नाही. झोताच्या तोंडापासून त्याच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही मूळ वेगाचा सु. दहावा हिस्सा शिल्लक असतो. ओढणाऱ्या तोंडापासून मात्र एका व्यासाएवढ्या अंतरावरच वेग दहाव्या हिश्शावर येतो. अमेरिकेतील जे. एम. डॅलाव्हेले यांनी १९३० च्या सुमारास केलेल्या मोजमापांनी या घटीचे गणित पक्के केले. म्हणून करवतीच्या मेजाखालची पोकळी पत्र्याने बंद करून तिला नळी जोडणे व चक्रावर दुसरे झाकण ठेवणे, हे पंख्याची शक्ती दुप्पट करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. खोलीच्या भिंतीत बसविलेला साधा निष्कासक पंखा धूळ कामगाराच्या तोंडावरून ओढून नेतो, आणि तो लावून काम झाले असे समजणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

नळीत लाकडाचा भुसा तरंगत राहण्यासाठी हवेचा वेग सेकंदास सु. २० मी. असावा लागतो. १०० मिमी. आतील व्यासाच्या नळीतून या वेगाने सेकंदास ०·१६ घ. मी. हवा जाते, १५० मिमी. च्या नळीतून ०·३५ घ. मी. पहिली भुसा उचलण्यास पुरते. मेजावरील करवतीची बारीक धूळ पकडायची, तर दुसरीच घ्यावी लागते. शेतीसाठी लागणारे पीव्हीसी नळ जळगाव जिल्ह्यात १९८० पासून तयार होतात व प्रत्येक बाजारगावात मिळतात. ११० व १६० मिमी. बाह्य व्यासाचे नळ याच कामी वापरता येतात. कोपरे काटकोनात न घेता दोन ४५° च्या वळणांनी घ्यावेत, आणि ज्या यंत्रावर काम चालू नाही त्याची शाखा सरकत्या पट्टीने बंद ठेवावी.

विभाजकाची प्रमाणे ठरविण्यासाठी इंग्लंडमधील रसायन अभियंते सी. जे. स्टेअरमंड यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेली मापे आजही आधार म्हणून घेतली जातात. त्यांत सर्व मापे दंडगोलाच्या व्यासाच्या पटीत दिलेली असतात. व्यास ४५० मिमी. घेतल्यास हवा शिरण्याचे तोंड २२५ मिमी. उंच व ९० मिमी. रुंद, बाहेर जाण्याच्या नळीचा व्यास २२५ मिमी., दंडगोलाची उंची ६७५ मिमी. व शंकूची उंची १,१२५ मिमी. येते. वर सांगितलेली ०·३५ घ. मी. हवा या तोंडातून सेकंदास सु. १७ मी. वेगाने शिरते व तो वेग योग्य आहे. पत्र्याचे धान्यकोठार व पन्हळी करणाऱ्या कारागिराला हे काम कठीण नाही. त्याला शंकूचा उलगडा कागदावर काढून द्यावा लागतो इतकेच. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते : खालची पेटी पूर्णपणे हवाबंद हवी. पंखा विभाजकाच्या पुढे असल्याने पेटीत निर्वात ओढ असते, आणि झाकणाला बारीकशी फट असली, तरी तीतून आत येणारी हवा खाली पडलेला भुसा पुन्हा उचलून मधल्या नळीतून पंख्यात नेते.

नळ, वळणे, तोंड व विभाजक यांतील एकूण रोध या आकाराच्या संचात पाण्याच्या सु. १८० मिमी. स्तंभाइतका होतो. त्यासाठी सरळ किंवा मागे वळलेल्या पात्यांचा केंद्रोत्सारी पंखा व सु. २ अश्वशक्तीचे चलित्र लागते. भिंतीतील चकतीसारखा अक्षीय पंखा असा रोध पेलू शकत नाही. तीन कलांच्या जोडणीत दुरुस्तीनंतर दोन तारांची अदलाबदल झाली, तर केंद्रोत्सारी पंखा उलटा फिरतो, पण हवा त्याच दिशेने ओढत राहतो, फक्त पुष्कळ कमी. त्यामुळे चूक लक्षात न येता महिनोन्‌महिने नळीत भुसा साचत जातो. पंख्याच्या आवरणावर फिरण्याच्या दिशेचा बाण रंगविण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

विभाजकातून निसटलेल्या धुळीचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर थंड व उष्ण प्रदेशांत वेगळे येते. यूरोप-अमेरिकेत खोली तापविलेली असल्याने हवा बाहेर सोडणे महाग पडते. म्हणून ती अतिशय बारीक गाळणीतून गाळून परत खोलीत घेतात व गाळणी फाटली की घातक धूळच खोलीभर पसरते. खानदेशात हवा सरळ छपराबाहेर सोडता येते, मात्र तेवढीच ताजी हवा आत येण्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी. अडचण शेजाऱ्यांची असते. भिंतीला भिंत लागून असलेल्या आळीत, जेथे गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालतात, तेथे कापडी पिशवी लावावीच लागते. दर मिनिटास ३ घ. मी. हवेला १ चौ. मी. कापड या हिशेबाने वरील संचास सु. ७ चौ. मी. कापड लागते. अर्धा मीटर व्यासाच्या व दीड मीटर लांबीच्या तीन पिशव्यांनी ते भरते. नव्या पिशवीतून सुरुवातीस धूळ बाहेर येते. कापडावर धुळीचा पातळ थर बसला की गाळण सुधारते, म्हणून ती वरचेवर धुऊ नये, फक्त झटकावी.

उन्हाळ्यातील कोरड्या हवेत पीव्हीसी नळात भुसा घासून स्थिर विद्युत् साचते व हात लागताच झटका बसतो. नळावरून उघडी तांब्याची तार गुंडाळून ती विभाजकाच्या पत्र्याला व पुढे जमिनीला जोडल्याने हा झटका टळतो, जरी नळ स्वतः विद्युत् निरोधक असल्याने तारेपासून दूरच्या भागावरील भार तसाच राहतो. घरगुती संचात धुळीच्या स्फोटापेक्षा आगीचे भय खरे असते. जुन्या घराच्या मोडीतून आलेल्या सागाच्या तुळयांत तुटके खिळे लपलेले असतात. करवत त्यावर आदळून उडालेली ठिणगी नळीतून पेटीतील भुशात जाते आणि तेथे ज्वाला न दिसता तासन्‌तास धुमसत राहते. म्हणून पेटी पत्र्याची असावी, काम संपल्यावर रोज रिकामी करावी आणि तिच्यातील भुसा जवसाच्या तेलाने किंवा पॉलिशने भिजलेल्या चिंध्यांपासून दूर, घराबाहेर ठेवावा.